रक्त काढण्याचे काम शिकताना : फ्लेबोटॉमीत येऊ इच्छिणाऱ्यांसाठी माझा अनुभव

मी कामाला लागून चौथा महिना चालू होता. डेंग्यूच्या संशयाने दाखल झालेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीच्या प्लेटलेट ३८ हजार आल्या आणि तिचे वडील हातातला डबा तसाच टाकून रक्तपेढीची चौकशी करायला धावले. वॉर्डातील डॉक्टरांना मात्र तो आकडा पटेना, कारण आदल्या दिवशी प्लेटलेट दीड लाखाच्या वर होत्या, मुलीच्या अंगावर कोठेही लाल ठिपके नव्हते आणि ती अंथरुणात बसून बिस्किटे खात होती. त्यांनी नमुना पुन्हा मागवला. दुसऱ्या वेळी आकडा १ लाख ६२ हजार आला. पहिला नमुना मी घेतला होता. मुलगी रडत होती, शीर सापडायला वेळ लागला होता, सिरिंजमध्ये रक्त थेंबाथेंबाने आले होते, आणि ते जांभळ्या झाकणाच्या बल्बमध्ये, म्हणजे रक्त गोळा करायच्या लहान नळीत, भरल्यावर आतले रक्त गोठू न देणारे रसायन मिसळावे म्हणून तो हळुवारपणे उलटासुलटा करायचे सोडून मी मुलीची समजूत काढत बसले होते. बल्बमध्ये बारीक गुठळी झाली, प्लेटलेट त्या गुठळीत अडकल्या आणि यंत्राने ज्या उरल्या होत्या त्या इमानाने मोजल्या.

त्या दिवशी मला कोणी फार बोलले नाही. प्रयोगशाळेतील आमच्या वरिष्ठ मॅडमनी तो बल्ब उजेडासमोर धरला, लाकडी काडीने त्यातील गुठळी बाहेर काढून दाखवली आणि एवढेच विचारले, "हे रक्त तिच्या अंगात असताना असे होते का?" फ्लेबोटॉमिस्टच्या कामाची याहून नेमकी व्याख्या मला नंतर कोठे मिळाली नाही. शीर सापडणे आणि सुई नीट आत जाणे ही या कामाची अर्धी बाजू आहे. रक्त अंगात जसे होते तसेच, आणि ज्याचे होते त्याच्याच नावाने, यंत्रापर्यंत पोहोचवणे ही दुसरी. या क्षेत्रात येणाऱ्या मुलामुलींना पहिल्या बाजूची फार भीती वाटते आणि दुसऱ्या बाजूची कल्पनाच नसते, हे मी गेली काही वर्षे नवीन उमेदवारांना शिकवताना पाहत आले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी शिक्षणाचे सांगते. मी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातली. बारावी विज्ञान झाल्यावर डीएमएलटी, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची दोन वर्षांची पदविका केली आणि पुण्यात एका रुग्णालयात लागले. आपल्याकडील छोट्या प्रयोगशाळांत जो रक्त काढतो तोच ते यंत्रावर लावतो आणि रिपोर्टही तोच छापतो. मोठी रुग्णालये आणि घरी माणूस पाठवून नमुने नेणाऱ्या प्रयोगशाळा यांत मात्र फ्लेबोटॉमिस्ट हे वेगळे पद असते, आणि त्यासाठी हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलच्या आराखड्यानुसार चालणारे काही महिन्यांचे अभ्यासक्रमही आहेत. ज्यांना लवकर कमवायला लागायचे आहे त्यांच्यासाठी तो मार्ग वाईट नाही. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे, की घरची परिस्थिती थोडीफार साथ देत असेल तर डीएमएलटी किंवा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची परावैद्यक (पॅरामेडिकल) तंत्रज्ञानातील पदवी करावी. तुम्ही काढलेल्या रक्ताचे पुढे काय होते हे ज्याने स्वतःच्या हातांनी करून पाहिले आहे, त्याला बल्ब उलटासुलटा करायची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही. शिवाय केवळ रक्त काढण्याच्या प्रमाणपत्रावर काही वर्षांनी पुढे सरकायला जागा राहत नाही, असे मी सोबतच्या दोघांच्या बाबतीत पाहिले आहे.

प्रवेश घेण्यापूर्वी एक चौकशी कोणत्याही परिस्थितीत करा. महाराष्ट्रात परावैद्यक व्यावसायिकांच्या नोंदणीसाठी महाराष्ट्र परावैद्यक परिषद आहे आणि देशपातळीवर २०२१ च्या कायद्याने सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करण्याची तरतूद झाली आहे. आपण जो अभ्यासक्रम करणार आहोत तो परिषदेच्या नोंदणीसाठी ग्राह्य धरला जातो का, हे संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबून न राहता परिषदेकडूनच समजून घ्यावे. माझ्या एका मैत्रिणीने दोन वर्षे आणि वडिलांनी म्हैस विकून उभे केलेले पैसे एका संस्थेत घातले, आणि नोकरीच्या मुलाखतीला गेल्यावर तिला कळले की त्या प्रमाणपत्रावर नोंदणी होणार नाही. दुसरी चौकशी प्रात्यक्षिकाची. संस्थेत रबरी हात आहे का, हे विचारण्यापेक्षा विद्यार्थ्यांना कोणत्या रुग्णालयात, किती आठवडे पाठवतात आणि तेथे त्यांना प्रत्यक्ष रक्त काढू देतात की नुसते रजिस्टर लिहायला बसवतात, हे आदल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा.

रबरी हाताचा उपयोग आहे, पण मर्यादित. सुई कशी धरायची, तिचे तिरके तोंड वर ठेवून साधारण १५ ते ३० अंशांच्या कोनात ती कशी न्यायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खालची कातडी ताणून शीर कशी स्थिर करायची, एवढे तो शिकवतो. माणसाचा हात मात्र घामेजतो, थरथरतो, मागे ओढला जातो. आम्ही एकमेकांच्या हातांवर शिकलो. माझी पहिली सुई माझ्याच वर्गातल्या मुलाच्या शिरेच्या कडेने निघून गेली, आणि त्याच्या कोपरापाशी आठवडाभर निळाजांभळा डाग होता. त्याने तक्रार केली नाही, पण तो डाग रोज पाहणे हीच माझी खरी शिकवणी ठरली. रक्त का साकळले याचे कारण मी तेव्हा शोधून काढले : मी हाताला बांधलेला पट्टा सोडण्याआधीच सुई बाहेर काढली होती. आधी पट्टा, मग कापूस, मग सुई, हा क्रम तेव्हापासून माझ्या बोटांत बसला तो बसलाच.

शीर शोधण्याबाबत नवीन मुलांचा एक ठाम गैरसमज असतो. त्यांना वाटते की दिसते ती शीर चांगली. गोऱ्या, सडपातळ माणसाच्या हातावर निळ्या रेषांचे जाळे दिसते, पण त्यातल्या कितीतरी शिरा वरवरच्या, बारीक आणि सुई लागताच बाजूला सरकणाऱ्या असतात. चांगली शीर बोटाला कळते. तर्जनीचे टोक हलकेच दाबून सोडले की ती स्पंज दाबल्यासारखी खाली जाते आणि परत वर येते. दोरीसारखी कडक लागली तर ती कदाचित शीर नसून स्नायूची तार असते, आणि बोटाखाली ठोका लागला तर ती धमनी असते. कोपराच्या खळगीत साधारण मधोमध असणारी मिडियन क्युबिटल ही शीर पहिली शोधावी, कारण ती मोठी असते आणि फारशी हलत नाही. ती न मिळाल्यास अंगठ्याच्या बाजूची सेफॅलिक शीर पाहावी, जी जाड हातांच्या माणसांत अनेकदा कामी येते. करंगळीच्या बाजूची बॅसिलिक सर्वांत शेवटी, कारण तिच्या जवळून धमनी आणि मज्जातंतू जातात. टोचल्यावर रुग्णाने "झटका बसल्यासारखे झाले" किंवा "बोटांपर्यंत मुंग्या गेल्या" असे सांगितले तर रक्त येत असले तरी सुई ताबडतोब बाहेर काढायची. त्या वेळी आणखी दोन सेकंद थांबून बल्ब भरण्याचा मोह कोणालाही होऊ नये.

पट्टा टोचण्याच्या जागेपासून चार बोटे वर बांधावा आणि तो एका मिनिटाच्या वर ठेवू नये. हे सर्वजण पाठ करतात आणि पहिल्याच आठवड्यात विसरतात, कारण पट्टा बांधूनच शीर शोधत बसतात. पट्टा फार वेळ राहिला की शिरेतले पाणी आजूबाजूला झिरपते, आतले रक्त दाट होते, आणि प्रथिने, कॅल्शियम, कोलेस्टेरॉल यांचे आकडे खोटे वाढतात. शोधायला वेळ लागणार असे दिसले तर पट्टा सोडावा, दोन मिनिटे हात खाली लोंबू द्यावा, थंडीचे दिवस असतील तर कोमट पाण्यात भिजवलेला रुमाल ठेवावा आणि पुन्हा बांधावा. रुग्णाला "मूठ बंद करा" एवढेच सांगावे. आपल्याकडे "मूठ उघडझाप करा" असे सांगायची जी पद्धत पडली आहे ती सोडून द्यायला हवी, कारण स्नायूंच्या त्या हालचालीने पोटॅशियम वाढते. मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या रिपोर्टमधील पोटॅशियमच्या एका अंकावर डॉक्टर औषध बदलतात, हे लक्षात असू द्यावे. स्पिरिटचा बोळा फिरवल्यावर कातडी पूर्ण कोरडी होऊ द्यायची, साधारण अर्धा मिनिट. ओल्या स्पिरिटवर सुई टोचली की रुग्णाला जास्त झोंबते आणि रक्तपेशी फुटण्याचीही शक्यता असते.

पेशी फुटण्याविषयी येथेच सांगते, कारण प्रयोगशाळेकडून नमुना परत येण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. बारीक सुईने दांडा जोरात ओढला, किंवा सिरिंजची सुई न काढता तिच्यातूनच रक्त बल्बमध्ये जोराने सोडले, की तांबड्या पेशी फुटतात आणि वर जमणारे पिवळसर द्रव गुलाबी होते. पेशींच्या आतले पोटॅशियम बाहेर येते, यकृताच्या काही तपासण्यांचे आकडेही बिघडतात. निर्वात बल्ब आणि होल्डर वापरायला मिळाले तर हा धोका पुष्कळ कमी होतो, कारण बल्बमधील पोकळीच ठरलेले रक्त ओढून घेते. पण महाराष्ट्रातल्या अनेक लहान प्रयोगशाळांत आजही सिरिंजनेच काम चालते. तेथे काम करावे लागले तर सुई कटरमध्ये काढून टाकावी, बल्बचे झाकण उघडावे आणि रक्त आतल्या भिंतीवरून ओघळत जाऊ द्यावे. सुयांचे क्रमांक उलटे चालतात, हेही पहिल्या दिवशी समजून घ्यावे : २१ क्रमांकाची सुई २३ क्रमांकाच्या सुईपेक्षा जाड असते. मोठ्या माणसाच्या चांगल्या शिरेला २१ किंवा २२, आणि नाजूक शिरांना २३ क्रमांकाची स्कॅल्प व्हेन, म्हणजे पंख आणि बारीक नळी असलेली सुई, असा माझा साधारण हिशेब असतो.

आता बल्बांच्या रंगांकडे वळते. मला स्वतःला हा भाग सर्वांत जास्त आवडतो, आणि अभ्यासक्रमात तो तक्त्यासारखा घोकून घेतला जातो याचे वाईट वाटते. भरण्याचा क्रम असा आहे : रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, असेल तर त्याची बाटली सर्वांत आधी, मग फिकट निळा सायट्रेटचा, मग लाल किंवा पिवळा सीरमचा (सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारे पिवळसर द्रव), मग हिरवा हेपॅरिनचा, मग जांभळा ईडीटीएचा आणि शेवटी राखाडी फ्लोराइडचा. यातील प्रत्येक पायरीला कारण आहे आणि कारण कळले की पाठांतराची गरज उरत नाही. कल्चर पहिले, कारण इतर बल्बांना लागून आलेला एखादा जंतूही तिथे चालत नाही. जांभळा सीरमच्या नंतर, कारण ईडीटीए हे पोटॅशियमचे क्षार असते आणि ते कॅल्शियमला पकडून ठेवते. त्याचा एखादा थेंब सुईला लागून सीरमच्या बल्बमध्ये गेला तर पोटॅशियम वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते. असा रिपोर्ट मी पाहिला आहे. चालत आलेल्या, ठणठणीत माणसाच्या नावावर हृदय बंद पडावे इतके पोटॅशियम छापले गेले होते.

निळ्या बल्बची गोष्ट वेगळी आहे. त्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असे प्रमाण असते, म्हणून तो खुणेपर्यंत भरलाच पाहिजे. रक्त कमी भरले तर सायट्रेट जास्त पडते आणि रक्त गोठायला लागणारा वेळ लांबल्यासारखा दिसतो. हृदयाची झडप बदललेला एखादा रुग्ण रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असतो आणि त्या गोळीचा डोस याच तपासणीवर ठरतो. अर्धवट भरलेला निळा बल्ब पाठवण्यापेक्षा रुग्णाची माफी मागून पुन्हा टोचलेले बरे. जांभळा, हिरवा आणि राखाडी हे बल्ब भरल्याबरोबर आठ ते दहा वेळा आणि निळा तीन-चार वेळा उलटासुलटा करायचा. जोराने हलवायचे नाही, नुसते मनगट फिरवायचे. माझ्या हातून राहिले होते ते हेच.

साखरेच्या तपासणीत वेळ हाच शत्रू असतो. बल्बमधल्या पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. साध्या बल्बमध्ये, सीरम वेगळे न करता ठेवलेल्या रक्तात साखर दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के कमी होत जाते. म्हणून फ्लोराइडचा राखाडी बल्ब वापरतात, पण फ्लोराइडचा परिणामही लगेच होत नाही आणि पहिल्या तास-दोन तासांत साखर थोडी घसरतेच. उन्हाळ्यात नमुन्यांची पेटी दुचाकीच्या डिकीत तीन तास फिरवणाऱ्या मुलाला हे कोणी सांगितलेले नसते. तसेच जेवणानंतरची साखर म्हणजे जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी, हे रुग्णाला आदल्या दिवशीच सांगावे लागते. "उपाशीपोटी या" असे सांगितले की आपल्याकडची माणसे चहाला खाणे समजत नाहीत, म्हणून मी नेहमी वेगळे विचारते, "चहा घेतला का? दूध, बिस्कीट?" आणि पाणी प्यायला हरकत नाही हेही आवर्जून सांगते, कारण काही आजी घोटभर पाणीसुद्धा न पिता येतात आणि मग शीर सापडत नाही.

नावाची खात्री हा या कामातला सर्वांत साधा आणि सर्वांत धोक्याचा भाग आहे. "तुम्ही शिंदे का?" असे विचारायचे नाही. कमी ऐकू येणारे, घाबरलेले, किंवा नुसते लवकर घरी जायला उत्सुक असलेले लोक कशालाही "हो" म्हणतात. "तुमचे पूर्ण नाव सांगा" आणि "वय किंवा जन्मतारीख सांगा" असे विचारून ते कागदाशी ताडून पाहायचे. दाखल रुग्ण असेल तर मनगटावरील पट्टीवरचा क्रमांकही पाहायचा. खाटेचा क्रमांक ही ओळख नव्हे. रात्रीतून खाटा बदलतात. लेबल रक्त काढल्यानंतर आणि रुग्णासमोरच लावायचे. आधी लेबले लावलेले रिकामे बल्ब ट्रेमध्ये घेऊन वॉर्डभर फिरण्याची सवय मी अनेक ठिकाणी पाहिली आहे, आणि ती मोडण्यासाठी मी नव्या मुलांशी प्रसंगी कठोर वागते. इतर तपासणीतली अदलाबदल कदाचित दुसऱ्या दिवशी लक्षात येईल. रक्तगट आणि क्रॉसमॅचच्या (दात्याचे रक्त रुग्णाला जुळते का हे पाहण्याच्या) नमुन्यात ती झाली तर चुकीच्या गटाचे रक्त चढेपर्यंत कोणाला कळणार नाही.

माणसांविषयी पुस्तकात फार थोडे असते. घेरी येणारे बहुधा म्हातारे लोक नसतात. धडधाकट तरुण पुरुष, जे "मला काही होत नाही" म्हणत उभ्यानेच हात पुढे करतात, ते कोसळतात. म्हणून कोणाचेही रक्त उभ्याने घ्यायचे नाही, आणि पूर्वी कधी चक्कर आली होती का हे आधी विचारून तसे असेल तर आडवे झोपवूनच घ्यायचे. चेहरा पांढरा पडला, कपाळाला घाम आला, जांभई आली की पट्टा सोडायचा, सुई काढायची, झोपवून पाय वर करायचे. ज्या हातात सलाईन चालू आहे त्या हाताचे रक्त घ्यायचे नाही, नाहीतर सलाईनचीच तपासणी होते. ज्या बाजूच्या स्तनाची शस्त्रक्रिया होऊन काखेतील गाठी काढल्या आहेत तो हात टाळायचा. डायलिसिसच्या रुग्णाचा फिस्चुला (धमनीला जोडलेली शीर) असलेला हात तर पट्ट्यासाठीही वापरायचा नाही, कारण त्या एका जोडलेल्या शिरेवर त्याचे आयुष्य चाललेले असते. असे रुग्ण स्वतःच सांगतात, "ताई, हा हात नको." ते सांगतील याची वाट न पाहता आपण विचारावे.

लहान मुलांच्या बाबतीत "दुखणार नाही" असे कधीही म्हणू नका. ते खोटे असते आणि पुढच्या वेळी ते मूल कोणावरच विश्वास ठेवत नाही. "मुंगी चावल्यासारखे होईल, दहा आकडे मोजेपर्यंत संपेल," असे मी सांगते आणि खरोखरच मोठ्याने मोजते. आईच्या मांडीवर बसवून, एका मदतनीसाने कोपर आणि मनगट धरून घेतलेला नमुना टेबलावर दाबून धरून घेतलेल्या नमुन्यापेक्षा नेहमी चांगला येतो. नवजात बाळाचे रक्त टाचेतून घेतात, तेही टाचेच्या कडांवरून. टाचेच्या मधोमध टोचले तर हाडाला इजा होऊ शकते. पहिला थेंब पुसून टाकायचा आणि टाच पिळायची नाही. कावीळ झालेल्या बाळाचा नमुना उजेडात ठेवला तर बिलिरुबिन कमी होत जाते, म्हणून तो काळ्या कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळून पाठवायचा.

स्वतःच्या सुरक्षिततेबद्दल नवीन मुले लाजतात, हे मला फार खटकते. हातमोजे घातले तर शीर कळत नाही, अशी सबब मीही सुरुवातीला सांगत असे. पंधरा दिवसांत मोज्यांतून कळायला लागते. कामाला लागण्यापूर्वी हेपॅटायटिस बी लशीचे तीन डोस, म्हणजे पहिला, एका महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा, पूर्ण करा आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची पातळी तपासून घ्या. ती किमान १० mIU/mL असावी लागते. वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवायचे नाही, हा नियम मी एकदाच मोडला आणि त्याच वेळी सुई माझ्या डाव्या तर्जनीत शिरली. रात्रपाळीचे शेवटचे तास होते आणि सुई कटर खाटेपासून दूर होता. मी बोट वाहत्या पाण्याखाली साबणाने धुतले आणि ते न पिळता तसेच जाऊन सांगितले. त्या रुग्णाची तपासणी होऊन निकाल येईपर्यंतची रात्र मी विसरू शकत नाही. एचआयव्ही असलेल्या रुग्णाची सुई लागल्यास संसर्गाची शक्यता साधारण ०.३ टक्के असते, हेपॅटायटिस बीची मात्र लस न घेतलेल्यांत ६ ते ३० टक्क्यांपर्यंत. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, आणि ७२ तासांच्या आतच, सुरू करावी लागतात आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. म्हणून सुई लागली तर लपवू नका. माझ्या पहिल्या नोकरीच्या ठिकाणी अशा घटनेची नोंद केली की कामात निष्काळजी असल्याचा शेरा बसत असे, आणि त्यामुळे मुले गप्प राहत. अशा ठिकाणी तोंडी सांगून भागत नाही, लेखी नोंद करून तिची प्रत स्वतःजवळ ठेवावी.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सुया पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात, सुई काढलेल्या सिरिंज, प्लास्टिकचे बल्ब आणि मोजे लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत जातो. घरी जाऊन नमुने घेणाऱ्यांनी हे डबे सोबत न्यायचे असतात. रुग्णाच्या घरच्या कचऱ्याच्या बादलीत टाकलेला रक्ताचा बोळा दुसऱ्या दिवशी कचरावेचक ताईंच्या हाताला लागतो.

घरोघरचे काम मी दीड वर्ष केले. पहाटे साडेपाचला निघून सकाळी दहापर्यंत बारा-तेरा घरे, कधी जुन्या वाड्याचे अरुंद जिने, कधी लिफ्ट बंद असलेली सातव्या मजल्याची सदनिका. त्या कामात पैसे थोडे जास्त मिळतात, पण शीर न मिळाल्यास हाक मारायला कोणी वरिष्ठ नसतो. म्हणून माझा सल्ला असा की रुग्णालयात किमान एक वर्ष, रोज तीस-चाळीस नमुने घेऊन हात बसल्याशिवाय घरोघरच्या कामाला जाऊ नये. जिल्हा रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभाग शिकण्यासाठी सर्वांत चांगली जागा आहे. तेथे रक्तपांढरी झालेली गरोदर बाई, दारूने यकृत बिघडलेला माणूस, नंदुरबार किंवा गडचिरोलीकडे असाल तर सिकलसेलची मुले, हे सगळे एकाच सकाळी समोर येतात, आणि प्रत्येक हात वेगळे काहीतरी शिकवतो.

दोनदा प्रयत्न करून शीर मिळाली नाही तर तिसऱ्यांदा स्वतः टोचू नये, दुसऱ्याला बोलवावे. नवीन मुलांना यात कमीपणा वाटतो. मी अकरा वर्षांनंतरही बोलावते. केमोथेरपी घेतलेल्या एका काकूंच्या हातावर गेल्या महिन्यातच मला दोनदा अपयश आले. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलीने हाताच्या पाठीवर पहिल्याच प्रयत्नात शीर घेतली, आणि काकूंनी तिचा हात धरून तिला दुसऱ्या वेळीही तूच ये असे सांगितले.

आमच्याकडे नवीन उमेदवार आला की पहिल्या सकाळी मी त्याला रुग्णाच्या खुर्चीत बसवते आणि त्याच्याच हाताचे रक्त घेते. त्याला पूर्ण नाव विचारते, पट्टा बांधते, बल्ब त्याच्या हाती देऊन त्यालाच उलटासुलटा करायला लावते. मग तो बल्ब घेऊन आम्ही दोघे आत यंत्रापाशी जातो, आणि त्याच्या नावाचा हिमोग्राम छापून बाहेर येईपर्यंत तो तिथेच उभा राहतो. कागद हातात आल्यावर बहुतेक जण आधी आपले हिमोग्लोबिन पाहतात. मी त्यांना वरच्या ओळीतले नाव आणि वय पुन्हा एकदा वाचायला सांगते, आणि मग आम्ही दोघे बाहेर, रांगेत बसलेल्या लोकांकडे जातो.